पंकजाबाईंची भरलेली डिस्क

कुंभकोणमच्या मेलकावेरीत कोणालाही विचारा, 'ग्राफ-मामी'चं घर दाखवतील. पंकजाबाईंना हे नाव पडूनही आता चाळीस वर्षं होतील. तिरुभुवनचे रेशमी साड्यांचे मागवाले त्यांच्याकडे चौकटीच्या कागदावर नक्षी काढून घ्यायला येत, तेव्हापासूनचं ते नाव. एक चौकोन म्हणजे एक धागा. मोराच्या मानेला बाक द्यायचा तर कुठल्या ओळीत किती चौकोन रंगवायचे, हे त्यांना मोजावं लागत नसे. हात आपोआप थांबत असे. हे वळण वडिलांचं. शेषाद्रीराव पाटबंधारे खात्यात कालव्यांचे नकाशे काढत आणि वाया गेलेले चौकटीचे कागद घरी आणत. त्या कागदांच्या मागच्या बाजूवर कोलमच्या रांगोळ्या उतरवत पंकजाबाई मोठ्या झाल्या. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, हे पिढ्यान्‌पिढ्या तंजावर भागात राहिलेल्या सगळ्या मराठी घरांसारखं त्यांचंही.

कॉफीची पूड आणली की त्या आधी चिमूटभर पाण्यावर टाकून बघत, चिकोरी किती मिसळलीय ते. मुलगी मधुमिता कोइंबतूरहून फोनवर "सगळं ठीक" म्हणाली की त्या जावयाला वेगळा फोन करून खात्री करून घेत. यजमान हनुमंतराव कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. ते म्हणत, "पंकजा, तूं देवाच्या पायांवरचें फूलही उलटें करून पाहतेस."

पण हा स्वभाव काही जन्माचा नव्हता. बाविसाव्या वर्षी त्यांनी गोपुराच्या कळसांचा एक काठ काढला होता. बारा दिवस खपून. एका मागवाल्याने तो चार दिवस ठेवून घेतला, "पसंत नाही" म्हणून परत दिला, आणि दिवाळीला तोच काठ त्याच्या दुकानात काचेमागे लावलेल्या साडीवर होता. पंकजाबाई काचेसमोर उभ्या राहिल्या. आत जाऊन काय म्हणणार? कागदावर नाव नव्हतं, खूण नव्हती. त्या दिवसापासून त्यांनी प्रत्येक नक्षीत एक खूण घालायला सुरुवात केली. हंसांच्या रांगेत एका हंसाची चोच दोन धागे आखूड. रुद्राक्षांच्या माळेत एका मण्याला एक रेघ कमी. बघणाऱ्याच्या लक्षात येणार नाही, पण त्यांना मात्र लांबूनही ओळखू येईल अशी.

पंधरा वर्षांपूर्वी मागांवरचे भोकं पाडलेले पुठ्ठे गेले आणि कम्प्युटर आला, तेव्हा पंकजाबाईही कम्प्युटरवर आल्या. हनुमंतरावांनी मागच्या खोलीत टेबल लावून दिलं. नक्षीचं सॉफ्टवेअर आलं, त्याची किल्ली म्हणून मागे खोचायची बोटभर पट्टी आली. पंकजाबाईंना त्याचा जम बसायला वर्ष लागलं, आणि बसला तो दिव्यश्रीमुळे.

दिव्यश्री तिरुविसनल्लूरची, आपल्यातलीच. बारावी झालेली, बोलायला कमी, डोळा तीक्ष्ण. रोज बसने येई. पंकजाबाई काठ आखत, ती साडीच्या अंगातले बुट्टे भरी. चार वर्षांत ती इतकी तयार झाली, की कधीकधी पंकजाबाईंना स्वतःचं काम कुठे संपलं नि तिचं कुठे सुरू झालं ते कळत नसे. खोलीची किल्ली तिच्याकडे असे. पेनड्राइव्ह घेऊन तिरुभुवनला तीच जाई.

सहा वर्षांपूर्वी, पोंगल येतो त्या तै महिन्यात, पंकजाबाई कुंभकोणमच्याच एका लग्नाला गेल्या. नवऱ्या मुलीच्या आत्याने नेसलेल्या साडीवर विड्याच्या पानांची वेल होती. पंकजाबाईंची वेल. तीन महिने खपून काढलेली, अजून कोणालाही न दिलेली, कम्प्युटरमध्येच ठेवलेली. सातवं पान मागे वळलेलं. चौदावं पान मागे वळलेलं. पंकजाबाई जेवल्या नाहीत. पानावरून उठून घरी आल्या, खोली उघडली आणि कम्प्युटरसमोर बसून विचार केला. ही वेल ह्या खोलीबाहेर गेली कशी? खोलीत दोघीच येतात. एक मी.

त्यांनी दिव्यश्रीला चोर म्हटलं नाही. म्हटलं असतं तर निदान ती उत्तर देऊ शकली असती. दुसऱ्या दिवशी त्यांनी पासवर्ड बदलला. त्याच्या दुसऱ्या दिवशी, दोन गिऱ्हाइकं बसलेली असताना, जायच्या वेळी तिला म्हणाल्या, "पेनड्राइव्ह सगळे काढून ठेव. पिशवीही उघडून दाखीव." दिव्यश्रीने पिशवी उघडली. डबा, छत्री, बसचा पास. ती पिशवी बंद करून बसला गेली. सोमवारी ती आली नाही, त्यानंतर कधीच नाही. न येण्यालाच पंकजाबाईंनी कबुली मानलं. पुढे तिरुभुवनचे मागवाले तिच्याबद्दल विचारू लागले तेव्हा त्या एवढंच म्हणत, "हात चांगला आहे. पण सांभाळून ठेवा."

तेव्हापासून त्या एकट्याच काम करत होत्या.

ह्या वर्षी कम्प्युटर रुसला. आधी हळू झाला, मग नक्षी जतन करताना "जागा नाही" म्हणू लागला. डिस्कची पट्टी लालभडक. पंकजाबाई जुन्या नक्ष्या पुसायला तयार नव्हत्या. मधुमिताने फोनवर सांगितलं, "अम्मा, मोठी एसएसडी डिस्क बसवून घे. आंतलें सगळें, विंडोजसकट, जसेंच्या तसें तिच्यांत उतरवितात. नव्यानें कांहीं घालावें लागत नाही." हे 'जसेंच्या तसें' महत्त्वाचं होतं. नक्षीचं सॉफ्टवेअर बनवणारे कधीच धंदा गुंडाळून बसले होते. ते पुन्हा बसवायचं म्हटलं तर मिळणार कुठून?

पण 'सगळें उतरवितात' म्हणजे उतरवणाऱ्याच्या हातात सगळं येणार. पंकजाबाईंनी महिनाभर टाळलं. शेवटी तै महिन्यातल्या लग्नांच्या साड्यांची कामं डोक्यावर आली, तेव्हा त्यांनी अट घातली: माणूस घरी येईल, कम्प्युटर घराबाहेर जाणार नाही, आणि काम होईपर्यंत मी खुर्चीवरून उठणार नाही.

आला तो विजयराघव. पन्नाशीचा, चष्मा कपाळावर ठेवलेला, खांद्याला पिशवी. पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचा, आता कम्प्युटर. तमिळमध्ये "वणक्कम् अम्मा" म्हणून चप्पल काढली. पंकजाबाईंनी आधी नव्या डिस्कचा डबा मागून घेतला. भिंगाने सील तपासलं, वरचा नंबर कागदावर उतरवला, मग डबा फोडून आतल्या पट्टीवरचा नंबर ताडून पाहिला. विजयराघव थांबून राहिला. इतका मुकाट्याने थांबतो, ह्याचंच त्यांना नवल वाटलं.

"इंटरनेटची वायर काढा," त्या तमिळमध्ये म्हणाल्या.

"त्याची गरज नाही, अम्मा."

"गरज कोणाला नाही?"

त्याने वायर काढून टेबलावर ठेवली. मग कम्प्युटर लावून आत काय काय भरलंय ते पाहू लागला. जरा वेळाने मान तिरकी करून म्हणाला, "अम्मा, दोनशे जीबी भरलेत. त्यात तुमचं नक्षीकाम जेमतेम अकरा. बाकी सगळे फोटो नि व्हिडिओ, एकाच फोल्डरमध्ये. हे तुमचेच ना? नको असतील तर इथेच सोडू."

सोडू म्हणजे पुसू, आणि पुसण्याआधी स्वतःकडे घेऊ, असं पंकजाबाईंनी ऐकलं. "कशाला हात लावू नका. सगळं जसंच्या तसं."

"बरं."

त्याने पेटी उघडली, नवी डिस्क जुनीच्या शेजारी वायरीने जोडली. पंकजाबाई दारात उभ्या असलेल्या हनुमंतरावांना मराठीत म्हणाल्या, "ऐकिलांत का? हा मनुष्य मज बरा दिसत नाही. हात पाहा कसा झाकून धरितो. कांहीं खिशांत टाकितो कीं काय, तुम्ही त्या बाजूनें पाहा."

विजयराघवाने मान वर केली नाही. स्क्रू पिळता पिळता म्हणाला, "अक्का, हात झांकिला नाही. स्क्रू लहान आहे. पेटींत पडला तर सांपडणार नाही, म्हणून खालीं हात धरिला."

हनुमंतराव भिंतीकडे बघून हसू गिळत होते.

पंकजाबाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पण ओशाळण्याआधी त्यांच्या मनात दुसरंच आलं. "तुम्हांस मराठी येतें? मग आल्यापासून कां बोलला नाही?"

"तुम्ही तमिळमध्यें बोलला, मीही तमिळमध्यें बोललों. माझे आजोबा तंजावरास मोडी कागद वाचायचे. घरांत हेंच बोलतों." त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "आतां पाऊण तास लागेल. सुम्मा, नुसतें बसायचें, आणखी कांहीं नाही."

पडद्यावर एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकू लागली. हनुमंतरावांनी कॉफी आणली, पाहुण्याचं गाव-गोत विचारलं. पंकजाबाई पट्टीवरची नजर काढत नव्हत्या. मराठी बोलणारा आहे म्हणून त्यांचा जीव भांड्यात पडला नाही, उलट अधिक टांगला गेला. परक्याने नक्षी चोरली तर ती परक्याकडे जाते. आपल्यातल्याने चोरली तर काय होतं, ते त्यांनी पाहिलेलं होतं.

पट्टी भरली. विजयराघवाने कम्प्युटर बंद केला, जुनी डिस्क काढली, तिच्या जागी नवी बसवली आणि बटण दाबलं. पडदा काळा. त्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ.

"गेलें," पंकजाबाई उठून उभ्या राहिल्या. "सगळें गेलें."

"गेलें नाही, अक्का. हा अजून जुनी डिस्क शोधितो. नवी दाखवायला पाहिजे." त्याने पुन्हा सुरू करून दोनचार बटणं दाबली, एका निळ्या पानावर जाऊन नवी डिस्क निवडली. ह्या खेपेस चिन्ह उगवलं, गोल फिरलं, आणि पंकजाबाईंचा पडदा आला. तेच चित्र, त्याच जागी तेच सॉफ्टवेअर. त्यांनी ते उघडलं. हंस होते, मणी होते, पानवेल होती. जागा पाहण्यासाठी त्यांनी पडद्यावरच्या डिस्कच्या चिन्हावर बाण नेला आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"हें काय? पूर्वी होती तेवढीच. दोनशेंवर वीस कांहीं. हजार जीबी सांगून ही दिलीत? डबा नवा आणि माल जुना?"

"डिस्क हजाराचीच आहे. पण जसेंच्या तसें म्हटलांत, म्हणून भिंतींसकट आली. जुन्या भिंती तेवढ्यावरच थांबल्यात, पलीकडे सगळें मोकळें पडलें आहे." त्याने एक आकृती उघडून दाखवली: एक भरलेला भाग, मग दुरुस्तीसाठी विंडोजने राखलेला एक चिंचोळा तुकडा, आणि त्यापुढे लांबच लांब रिकामं. "हा तुकडा मध्यें आला. ह्याला शेवटीं नेतों, मग भिंत सरकेल."

भिंत सरकली. जागा झाली नऊशे तीस.

"हजार म्हणालांत."

"बनविणारे हजारानें मोजितात, अक्का, आणि विंडोज एक हजार चोवीसानें. कोणत्याही दुकानांतून आणा, एवढीच दिसेल." ह्यावर मात्र तो पहिल्यांदाच हसला. जुनी डिस्क त्याने पंकजाबाईंच्या हातात ठेवली. "हिच्यांतही सगळें आहे. महिनाभर पुसूं नका. नवी नीट चालते असें दिसलें, कीं मग पाहूं. जाऊन येतों."

तो गेल्यावर पंकजाबाईंनी दार लावलं, वही काढली आणि तपासायला बसल्या. गेलं काय नि आलं काय, एकेक फोल्डर उघडून. सॉफ्टवेअर उघडलं की शेवटच्या नक्ष्या आपोआप समोर येत, त्यामुळे इतक्या वर्षांत त्या फोल्डरांच्या वाटेला गेल्याच नव्हत्या. आता गेल्या. आणि विजयराघवाने विचारलेलं ते फोल्डर सापडलं. फोटोच फोटो. साड्यांच्या घड्या, माग, गोदाम, कोणाचं तरी आयुधपूजेचं जेवण, सूत रंगवतानाचे व्हिडिओ. ह्यातलं काहीच त्यांचं नव्हतं. आणि ह्या सगळ्याच्या शेजारी, त्याच फोल्डरच्या पोटात, त्यांच्या नक्ष्यांचं फोल्डर.

हा घालून गेला, हे पहिलं मनात आलं. पण तारखा सात वर्षांपूर्वीपासूनच्या होत्या. सात वर्षांपूर्वी विजयराघवाला हे घर ठाऊक नव्हतं.

त्या एकेक फोटो बघत गेल्या. कार्तिकातला एक फोटो समोर आला आणि त्यांचा हात थांबला. मागावर अर्धवट विणलेला काठ. विड्याच्या पानांची वेल. सातवं पान मागे वळलेलं. ज्या लग्नात त्यांनी साडी पाहिली, त्याच्या दोन महिने आधीचा फोटो. दुसऱ्याच कोणाच्या मागावरचा, आणि तो सहा वर्षं त्यांच्याच कम्प्युटरमध्ये पडून होता.

कोपऱ्यात एक सूचना सारखी उगवत होती: इंटरनेट नाही, फोल्डर पोचवता येत नाही. पोचवता येत नाही? कोणाला पोचवायचं आहे ह्याला?

विजयराघव अजून कोपऱ्यावरच्या दुकानात होता. हनुमंतराव त्याला बोलावून घेऊन आले. त्याने वायर पुन्हा खोचली आणि फोल्डर कोणाकोणाशी जोडलंय त्याची यादी उघडली. नऊ नावं. वर गुरुमूर्ति, तिरुभुवनच्या एका मोठ्या मागघराचा कारभारी. खाली त्याचे हिशेबनीस, विणकर, दोन बाहेरचे मागवाले. दिव्यश्रीचं नाव त्यात नव्हतं.

"हें दुतर्फा असतें, अक्का," विजयराघव सावकाश म्हणाला. "तुम्ही आंत ठेविलें कीं तें त्यांस दिसतें. त्यांनी ठेविलें कीं तुमच्याकडे येतें. म्हणून डिस्क भरली."

पंकजाबाईंना तेव्हा आठवलं. सात वर्षांपूर्वी गुरुमूर्ति ह्याच खुर्चीवर बसला होता. "मामी, पेनड्राइव्ह पाठवायचा त्रास नको. ह्या फोल्डरमध्ये टाका, तिकडे पोचेल." आणि त्यात टाकलेल्या फाईलवर हिरवी बरोबरची खूण येई. पंकजाबाईंना वाटलं, ही नीट जतन झाल्याची खूण. एके दिवशी, दिव्यश्री रजेवर असताना, त्यांनी आपलं नक्ष्यांचं अख्खं फोल्डर उचलून त्यात ठेवलं. सगळ्यांवर हिरव्या खुणा आल्या, तेव्हा त्यांना बरं वाटलं होतं.

"हें कोणी बाहेरून करूं शकेल? माझ्या नकळत?" त्यांनी विचारलं. त्यांना 'हो' ऐकायचं होतं.

"करूं शकेल. पण येथें हलविलेलें ह्याच कम्प्युटरावरून दिसतें. तुमच्या नांवानें."

त्यांनी गुरुमूर्तीला फोन लावला. तो घाबरला नाही, उलट गोंधळला. "मामी, तुम्हीच टाकलं होतंत ना? आम्हाला वाटलं वापरायला दिलंय. तुम्ही कधी काही बोलला नाहीत." तो खोटं बोलतोय का, हे पंकजाबाई त्याच्या आवाजात शोधत राहिल्या. थोडं खोटं असेलही. विचारायला हवं होतं हे त्यालाही कळत असेल. पण त्यामुळे दिव्यश्रीची पिशवी उघडली गेली, ती न उघडलेली होणार नव्हती.

फोल्डरची सगळ्यांशी असलेली जोडणी तोडून विजयराघव गेला.

तीन दिवस पंकजाबाईंनी काही काम केलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी तिरुविसनल्लूरची बस धरली. हनुमंतराव "मी येतों" म्हणाले, त्यांनी नको म्हटलं.

दिव्यश्रीचं घर विचारत विचारत सापडलं. ओसरीवर लाकडी चौकटीत ताणलेलं ब्लाउजचं कापड, त्यावर वाकून ती आरीच्या सुईने जर भरत होती. आता तिशी उलटलेली, डोळ्यांना चष्मा. पंकजाबाईंना पाहून ती उठली नाही, पण पाय आवरून घेतले.

"बसा, मामी."

पंकजाबाई बसल्या. बसमध्ये जुळवून आणलेलं सगळं विसरून गेल्या होत्या. "पानवेल तूं दिली नव्हतीस," त्या म्हणाल्या. "मीच दिली. मज कळलें नाही, पण दिली मीच." आणि मग डिस्क, फोल्डर, हिरव्या खुणा, यादीतली नऊ नावं, सगळं सांगितलं.

दिव्यश्रीची सुई चालूच होती. पाकळी पूर्ण झाल्यावर तिने सुई कापडात टोचून ठेवली.

"मी दिली नाही, हें मज तेव्हांच ठाऊक होतें, मामी. ह्यांत माझ्यासाठीं नवें काय?"

"माझें चुकलें."

"हो. चुकलें." ती चिडलेली नव्हती, त्यामुळे ते ऐकणं अधिक जड गेलं. "त्या वर्षीं मी सात मागघरांत काम मागितलें. सगळे म्हणाले, मामींस विचारून सांगतों. तुम्हांस विचारिलें का?"

"विचारिलें."

"काय सांगितलांत?"

पंकजाबाईंनी जमिनीकडे पाहिलं. खोटं सांगता आलं असतं. "सांभाळून ठेवा म्हणून सांगितलें."

"मज वाटलेंच," दिव्यश्री म्हणाली. आतून तिची आई कोण आलंय म्हणून विचारत होती. तिने "कोणी नाही, थांब" म्हणून उत्तर दिलं. मग पंकजाबाईंकडे वळली. "आतां हें माझ्या घरांत येऊन सांगितलांत. पण तें तुम्ही बाहेर सांगितलें होतें. हेंही बाहेरच सांगा."

पंकजाबाईंनी मान हलवली. पाणी पिऊन निघाल्या. दिव्यश्री फाटकापर्यंत आली नाही.

पुढचे सात दिवस त्या तिरुभुवनला जात राहिल्या, एक दिवस एक मागघर. कुठे मालकाला काही आठवतच नव्हतं: "कोण दिव्यश्री, मामी?" तिथे त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि ते जास्त लाजिरवाणं होतं. कुठे मालक हसून म्हणाला, "जाऊ द्या मामी, जुनी गोष्ट." त्या म्हणाल्या, "जुनी आहे म्हणूनच सांगत्ये." आणि मागांवर बसलेल्या विणकरांनाही ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा सांगितलं: मुलीने काही घेतलं नव्हतं, चूक माझ्या कम्प्युटरची नाही, माझी होती. गुरुमूर्तीच्या मागघरात त्या सगळ्यांत शेवटी गेल्या. तो खुर्चीवरून उठून उभा राहिला आणि त्या जाईपर्यंत उभाच राहिला.

घरी येऊन त्यांनी दिव्यश्रीला संदेश पाठवला: सातही झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. "बरं, मामी."

ह्या दोन शब्दांत काय आहे, राग आहे की राग सरलाय, की नुसती रीत म्हणून लिहिलंय, हे पंकजाबाई दिवसभर उलटंपालटं करून बघत राहिल्या. हनुमंतरावांना तीनदा वाचून दाखवलं.

"बरं म्हणजे बरं," हनुमंतराव म्हणाले. "त्याच्या पलीकडे पाहूं नको."

दिव्यश्री परत कामाला आली नाही. पोंगलच्या आधी तिला एका मागघराकडून काठाचं काम मिळालं, ते तिने घरी बसून स्वतःच्या नावावर केलं. पंकजाबाईंना ते दुसऱ्यांकडून कळलं. ती साडी बघायला त्या गेल्या, खूप वेळ बघितली, आणि चांगली आहे असं तिला फोन करून सांगितलं. दिव्यश्रीने ऐकून घेतलं, तब्येत विचारली, फोन ठेवला. सणावारी आता एवढं बोलणं होतं.

नवी डिस्क नीट चालते. काम वाढलं आहे, आणि पंकजाबाईंचा उजवा अंगठा आता दुखतो. मदतीला कोणी ठेवा, असं सगळे म्हणतात. एका मागवाल्याने परवा विचारलं, पूर्वी कोणी होतं का मदतीला? तेव्हा त्या माऊसवरचा हात न काढता म्हणाल्या, "होती एक. माझ्याहून बरी होती. मी घालवली तिला."